ताणा अर्ध्यावर सोडायचा नसतो

रिहाबचे हात थरथरायचे. पुस्तकातला एकूण एक स्नायू तिला तोंडपाठ होता, पण समोर जिवंत माणसाचा खांदा आला की बोटं अशी लटपटायची की पेशंटलाच तिची दया यावी. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या कॉलेजात फिजिओथेरपीच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली. बाबांनी निकाल देऊन टाकला, "आता शेवटची संधी. नाहीतर मामाच्या तेलाच्या घाण्यावर हिशेब लिहायला बसायचं."

कॉलेजातल्या तिच्या बाईंनी मात्र वेगळा उपाय काढला. "महिनाभर कुठेतरी लांब जा, जिथे मी डोक्यावर उभी नसेन." म्हणून ट्युनिशियाची ही पोर स्वयंसेवक होऊन मोरोक्कोच्या डोंगरातल्या एका गावी पोचली. तिथल्या गालिचे विणणाऱ्या बायकांच्या पाठी आणि खांदे कायमचे धरलेले असत.

पोचली, आणि पाहुणी होऊन बसली. त्या गावात पाहुणा म्हणजे तीन दिवस पाहुणाच. कामाला हात लावायचा नाही, आणि कशाला आलात हेही कोणी विचारायचं नाही. तिची यजमानीण इत्तोमावशी ही गावातली सगळ्यात तरबेज विणकरीण आणि सगळ्यात तिखट जिभेची बाई. चहा, भाकरी, लोणी, मध, की पुन्हा चहा. "खा गं, वाऱ्यानं उडशील!" मावशी त्यांच्या भाषेत ओरडायची आणि तिची सून तूदा ते शाळेत शिकलेल्या अरबीत सांगायची, वर पदरची थोडी मीठमिरची लावून.

दुसऱ्याच दिवशी रिहाबचा धीर सुटला. मावशी बाहेर गेल्याचं बघून तिने चहाचे पेले गोळा केले आणि अंगणातल्या नळावर घासून पालथे घातले. शेजारणीने ते गच्चीवरून पाहिलं. झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बोंब. इत्तोच्या घरी म्हणे पाहुणीला भांडी घासावी लागतात!

"माझं नाक कापलंस," मावशी हळूच म्हणाली आणि पालथे पेले उचलून आत गेली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तीन दिवस सरल्यावर रिहाबने शाळेच्या खोलीत चटया अंथरल्या, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र लावलं. चिटपाखरूही फिरकलं नाही. इत्तोचा अपमान करणारीकडे कोण जाणार? आठवडाभर ती त्या चित्राशी बोलत बसली आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडली. घाणा आता नक्की होता.

मग नव्या गालिच्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, लावायचा दिवस आला. अंगणात दोन खुंट्या ठोकलेल्या. एकीशी मावशी बसलेली, दुसरीशी शेजारीण, आणि सुताचा गुंडा घेऊन तूदा या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत पळतेय. ताणा एकदा सुरू केला की अर्ध्यावर सोडायचा नाही, घराला दोष लागतो म्हणतात. तूदाची बडबड तिच्या पायांपेक्षा जोरात चालली होती. पाय मुरगळला आणि बाई मटकन खाली बसली.

मावशीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दारात एकटी रिहाब उभी. गुंडा उडत आला तो थेट तिच्या छातीवर.

"बघतेस काय, भवाने? पळ!"

रिहाब पळाली. पहिल्याच फेरीत खुंटीला उलट्या बाजूने वळसा घातला आणि सूत गुंतवून ठेवलं. बायका हसून हसून लोळल्या. मावशीने शिव्या घालत गुंता सोडवला, पण शिव्या घालताना ती हसत होती. ताणा पुरा झाल्यावर रिहाबने धापा टाकतच तूदाचा पाय मांडीवर घेतला, चाचपला, पट्टी बांधली. हात थरथरले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा पट्टी बांधून झाली होती.

त्या संध्याकाळी मावशीने तूदाला जवळ बसवून दार लोटलं आणि शाल खांद्यावरून खाली ओढली. "इथं दुखतं. आणि घाबरू नकोस, मोडायचं ते आधीच मोडलंय."

"आधी मागावर बसून दाखवा, मावशी."

मावशी बसली. गाठी मारायला तिचे हात खांद्याच्या वर जात होते. रिहाबने बैठकीखाली दोन घोंगड्या घातल्या आणि मग तळवा खांद्यावर टेकवला. दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. शाळेत नव्हे, मागापाशी. कोणी मीठ मागायला, कोणी चाळण परत करायला, आणि जाता जाता तूदाला, "हिला जरा माझी मान दाखव गं."

आज रिहाब स्फाक्सच्या बंदरावर कोळ्यांमध्ये काम करते. माणूस दुखणं घेऊन आला की आधी त्याच्या कामापाशी जाऊन बसते. पण स्फाक्समध्ये त्याची सुरुवात झाली ती तिसऱ्यांदा दिलेल्या प्रात्यक्षिकात. टेबलावर एक म्हातारा कोळी झोपवलेला. रिहाबने त्याला उठवून बसवलं.

"काका, जाळं कसं ओढता?"

म्हाताऱ्याने टेबलावरची चादरच ओढून दाखवली. तिने हसत दुसरं टोक धरलं, खांदा कुठे अडतो ते पाहिलं आणि तिथेच बोटं रोवली. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"बाई, तुमची वेळ संपली," परीक्षक म्हणाले.

"तुमची संपली असेल," म्हातारा डोळे न उघडताच म्हणाला. "तिला काम करू द्या."