दर घरची एकच पोळी

भिंती रंगवायला आलेल्या पेंटरनं आज टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि मला जरीपटका वस्तीतला, लग्नानंतरचा माझा पहिला पोळा आठवला. इतवारी बाजारात धान्याची बैलबंडी हाकणारे शेजारचे काका बैलजोडी सजवून दारोदार फिरले होते, आणि दर घरी बैलांना पुरणपोळी मिळाली होती. त्यातला पांढरा बैल हावरा. दिवेलागणीला तो बसला तो उठेचना; जीभ बाहेर आलेली, रवंथ बंद, डावी कूस ढोलासारखी ताठ. ढोरांचे डॉक्टर आले, त्यांनी कुशीवर टिचकी मारली आणि विचारलं, "काय चारलं याले?" काकांच्या अंगणात आम्ही बाया जमलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "मी तं एकच पोळी देल्ली." "मीबी एकच," दुसरी म्हणाली, तिसरीही तेच म्हणाली, आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं. पोटफुगी उतरावी म्हणून जवसाच्या तेलात टर्पेंटाइन कालवून पाजलं, तरी बैलाची धाप वाढतच गेली. "शिंगं घट्ट धरा गा," म्हणत डॉक्टरांनी कुशीत जाड पोकळ सुई खुपसली. फुस्स करून हवा निघाली आणि आंबलेल्या पुरणाचा वास अंगणभर पसरला. काका झुलीत तोंड खुपसून बसले होते. सकाळी त्यांनीच कुंपणावरून सांगितलं, "रवंथ करून राहिला." तेव्हा कुठं आमच्या घरी चूल पेटली. अजूनही पोळ्याला दारात बैल आला की मी ताट खाली ठेवते आणि आधी त्याची डावी कूस दाबून बघते.