मामंजींची बंदूक आणि कोकमाचं पाणी

चहा आधी संपवा, मग सांगते. मध्येच हसलात तर ठसका लागेल आणि पाप माझ्या माथी यायचं.

सुमनच्या हातून देवाचं काम कधी बिघडत नाही, असं आमच्या आळीत सगळे माझ्याबद्दल म्हणायचे. मीही म्हणायची. संकष्ट्या, प्रदोष, सोळा सोमवार, काही म्हणून सोडलं नव्हतं. पण त्या नवरात्रात मी जे केलं ते कुठल्याच पोथीत सापडायचं नाही.

तेव्हा अख्ख्या आळीत टीव्ही एकाच घरी होता, म्हणजे बघा किती जुनी गोष्ट. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आदल्या वर्षी गेले. मागे राहिली आंब्याची बाग आणि इंग्रजांच्या काळातली एक रायफल. बागेत वांदर नि डुकरं येत म्हणून त्यांनी परवाना काढलेला. त्या रायफलीने एकही डुक्कर मेलं नाही. आवाजाने शेजारी मात्र पळत.

आता परवाना ह्यांच्या नावावर करायचा होता. दसरा झाला की बंदूक पोलिसांत नेऊन दाखवायची, आणि धड नसेल तर ती तिथेच जमा. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या ह्यांना म्हणाल्या, "ती गेली तर खंडेनवमीला पाटावर काय मांडू? तुझी खडूची पेटी?"

हे शाळेत भूगोल शिकवायचे.

तर नवरात्राच्या आदल्या दिवशी ह्यांनी पडवीत वर्तमानपत्र पसरलं, रिकामी आहे ना ते तीनदा बघितलं आणि बंदूक उघडली. स्प्रिंग, खिळे, खटक्याचे तुकडे, सगळं ओळीने मांडलं. इतक्यात कुणीतरी हाक मारली म्हणून हे जरा फाटकापर्यंत गेले. आमच्याकडे फाटकापर्यंत जाणं म्हणजे तासाभराची निश्चिंती!

मी त्या वेळी देवाची उपकरणी काढली होती. समई, निरांजनं, पळी, पंचपात्र, घंटा. परातीत कोकमाचं पाणी आणि वर राख. पितळ कोकमाने कसं लख्ख निघतं, तुम्हाला ठाऊक आहेच. आणि बाजूला ते बंदुकीचे तुकडे, काळेकुट्ट, तेलकट. मला वाटलं, हेही खंडेनवमीला पूजेलाच बसणार ना? मग त्यांच्यावर अन्याय का? ओतले परातीत.

बरं, नळीचं काय? फुलवातींसाठी पिंजलेला कापूस होताच. हातभर लांब वात वळली, समईच्या तेलात बुडवली आणि नळीत सारली. अर्धी बाहेर आली, अर्धी राहिली. म्हटलं राहू दे, तेल मुरेल.

हे परत आले आणि परातीत बघून ओरडलेच.

"अगं, लोखंडाला कोकम?"

लोखंडाला कोकम सोसत नाही, हे मला कुणी सांगितलं होतं का? ह्यांनी एकेक तुकडा धोतराने पुसला, रॉकेलने पुसला, पुन्हा पुसला. मी माझी उपकरणी उचलली. घंटेचा आतला लोळा निखळला होता तोही तारेने बसवून टाकला. घर झालं चकाचक.

रात्री हे बंदूक जोडायला बसले. सगळी जुळली, फक्त खटक्याच्या दांड्याच्या टोकाला एक जागा रिकामी. आणि हातात एक तुकडा उरलेला. पण तो काही त्या जागेत जाईना! हे म्हणाले, इंग्रजांनी हा नक्की कशासाठी तरी केला असणार. शेजारचे निवृत्त सुभेदार आले, त्यांनी तो दिव्यापाशी धरून बघितला आणि म्हणाले की असला भाग फक्त साहेबाच्या बंदुकीत असे.

मी परात धुंडाळली, मोरी धुंडाळली, राखेचा ढीग चाळणीने चाळला. नाहीच. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, आणि मामंजींची तेवढीच एक वस्तू राहिलेली. आम्ही दोघांनी ठरवलं, त्यांच्या कानावर अक्षर जाऊ द्यायचं नाही.

मग माझ्या हातात काय उरलं? नवस! तुकडा सापडला तर गणपतीला उकडीचे मोदक, असं बोलले. रोज आरतीला घंटा अशी बडवायची की देवाला ऐकू न यायची बिशाद नाही.

सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "काय गो सुमन, घंटेचा आवाज बदललासा वाटतो."

"कोकमाने घासली ना, म्हणून खणखणीत येतोय," मी म्हटलं. मनात म्हटलं, शुभशकुन आहे.

खंडेनवमी आली. बंदूक पाटावर मांडली. रिकाम्या जागी मी झेंडूचं टपोरं फूल खोचलं, अगदी शोभून दिसलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि दरवर्षीप्रमाणे दस्त्यापासून नळीपर्यंत हात फिरवायला लागल्या. हात फुलापाशी थांबला. फूल निघालं.

"इथला गोळा खंय गेला?"

हे भूगोलात नापास झालेल्या पोरासारखे खाली बघत उभे. शेवटी उरलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आई, हाच असेल, पण बसत नाही."

सासूबाईंनी तो बोटांत फिरवला. "हा कसा बसेल? हा घंटेचा लोळा. माझ्या लग्नापासून ओळखते मी ह्याला."

मी आरतीसाठी घंटा उचललेलीच होती. सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. मी घंटा उलटी केली. आत तारेला टांगलेला, कोकमाने उजळलेला बंदुकीचा तुकडा!

म्हणजे विचार करा. अख्खं नवरात्र मी देवाच्या नाकासमोर तोच तुकडा वाजवत होते आणि देवाला विचारत होते, कुठाय म्हणून!

सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगो, देवाला मोदक कसले बोलतेस? मला विचारलं असतंस तर भाकरीवर काम झालं असतं."

दसऱ्यानंतर हे बंदूक घेऊन पोलिसांत गेले. तिथल्या हवालदाराने खटका तपासला, मान डोलावली. मग नळीत सळई घातली, तर समोरून तेलात भिजलेली वात बाहेर आली. त्याने ती चिमटीत धरली आणि ह्यांना विचारलं, "मास्तर, ही दाखवायला आणलीत की ओवाळायला?"

परवाना मिळाला. मोदकही केले, बोललेलं फेडायलाच हवं. पण पुढे सासूबाई होत्या तोवर एक झालं. मी आरतीला उभी राहिले की त्या आधी घंटा मागून घेत, आत बोट घालून चाचपत, आणि मगच माझ्या हातात देत.