पन्नास भोकांची फळी

फुस्स. एवढाच आवाज आला.

त्याआधी अकरा वेळा रायफलीने कानफटात मारावी तसा आवाज केला होता. बाराव्या वेळेला कुकरच्या शिट्टीत कचरा अडकल्यावर येतो तसा आला, आणि नवऱ्याचा खांदा जरासुद्धा मागे गेला नाही.

तो रायफल क्लबाच्या रेंजवर टेबलाला रेलून बसला होता, मी मागच्या बाकावर थर्मास घेऊन. त्याने रायफलीच्या बाजूचा दांडा मागे ओढला, पितळेचं रिकामं नळकांडं बाहेर उडालं, आणि तो पुढचं काडतूस आत ढकलायला लागला. ते जाईना. मग त्याने तळवा उगारला, अडकलेल्या ड्रॉवरला मारतात तसा.

आमच्या गावात दिवाळीला एकच नियम होता. फुसक्या निघालेल्या फटाक्याजवळ जायचं नाही. शेजारच्या एका मुलाने तो मोडला आणि पुढे जन्मभर डाव्या हाताने जेवला. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं शिक्षण पुरलं.

"अहो, थांबा!" मी ओरडले. कानांवर जाड झाकणं, त्याला काय ऐकू येणार! मी उठले, जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि खेचली. खुर्चीसकट मागे आला.

तिथे देखरेख करणारा गोरा म्हातारा धावत आला. नेम धरलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हा तिथला मोठा नियम.

"मॅम! यू नेव्हर टच अ शूटर!"

"यू लुक इन पाइप," मी म्हटलं. "पाइप नो गुड."

त्याने नळीत पुढून एक बारीक सळई घातली. ती मध्येच अडली. बाराव्या काडतुसाची गोळी आतच रुतून बसली होती. म्हाताऱ्याने टोपी काढली. त्यावर आणखी एक बार उडाला असता तर काय झालं असतं ते त्याने नवऱ्याला सांगितलं नाही, दाखवलं. गालाजवळ मूठ नेली आणि उघडली.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टच हिम एनी टाइम."

ही काडतुसं नवऱ्याने स्वतः आमच्या बेसमेंटमध्ये भरलेली होती.

आम्ही लंडनला राहतो, राणीच्या नाही, ऑन्टारिओतल्या. नवरा इथल्या कारखान्यात जन्मभर मशीनिस्ट. रिटायर झाला आणि दोन महिन्यांत त्याने माझ्या स्वयंपाकघरातली झाकणं मापाप्रमाणे लावली. मला एकही डबा सापडेना. शेजाऱ्याने त्याला रायफल क्लबात नेलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स आलं. नंतर त्याला शोध लागला की दुकानातली काडतुसं एकसारखी नसतात. घरी भरली की नेम चांगला लागतो म्हणे.

काम तसं सोपं आहे. वापरलेलं पितळी नळकांडं दाबून पुन्हा मापात आणायचं. बुडाला टिकली बसवायची, आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. आत तोलून पावडर घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची.

दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, नवीन माणसाने साधं यंत्र घ्यावं. एक दांडा, एका वेळी एक काम. नवरा हसला. "मी तासाला शेकड्यांनी पार्ट काढलेत," म्हणाला, आणि फिरत्या ताटलीचं मोठं यंत्र उचलून आणलं. त्यात चार नळकांडी चार ठिकाणी उभी. दांडा ओढायचा, पावडर सोडणारी मूठ दाबायची, ताटली हाताने एक घर फिरवायची. दर वेळी एक तयार.

"शंभर माणसांच्या पंगतीला वाढायचंय का?" मी विचारलं.

"तुला यंत्रातलं काय कळतं?"

नाहीच कळत.

रेंजवरून घरी येताना अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "यंत्रात फॉल्ट आहे."

"एकदाच आला फॉल्ट? कधी भरली होती ही?"

"शनिवारी. दुपारी." त्याने गाडीचा वेग कमी केला. "तू चहाला हाक मारलीस."

मारली होती. चार वाजता जिन्यावरून ओरडले होते, चहा झालाय. आमच्या घरात चहा पुन्हा गरम होत नाही. लग्न झाल्यावर महिन्याभरातच मी ते सांगितलं होतं, आणि तेव्हापासून हाक आली की हा हातातलं टाकून उठतो. त्या दिवशी पावडरीच्या मुठीवरचा हात काढून उठला. चहा पिऊन खाली गेला, मूठ दाबली असं समजून ताटली पुढे फिरवली. रिकाम्या नळकांड्यावर गोळी बसली. रेंजवर उडाली ती नुसती टिकली, तिने गोळी नळीत ढकलली आणि तिथेच सोडली. बाहेरून सगळी सारखीच दिसतात, झाकण लावलेल्या डब्यांसारखी.

म्हणजे माझ्या चहाने त्याचा डोळा गेला असता. कदाचित डोकंही. मी तसं म्हटलं.

"चहाचा काय दोष?" तो म्हणाला. "मी गाढव."

त्यावर मी वाद घातला नाही.

उरलेली काडतुसं त्याने एकेक करून मोडली. सगळ्यांत पावडर निघाली. रिकामं होतं ते एकच. मिसिसागाहून मुलीचा फोन आला. "आई, आर यू सीरियस? जस्ट सेल द होल थिंग!" नवरा म्हणाला, विकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर हा माझ्या मसाल्याच्या डब्यापुढे मापपट्टी घेऊन उभा. तोंड असं, जणू स्वतःच्याच तेराव्याचं जेवण मांडतोय.

"कोट घाला," मी म्हटलं. "दुकानात जाऊ."

दुकानदार आधी त्याच्याशीच बोलायला लागला. मी मध्ये घुसले. मला एकच गोष्ट हवी होती, कुठल्या यंत्रात माणसाला आत डोकावता येतं? दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं, मग खालच्या फळीवरचं एकदांडी यंत्र काढलं. पुऱ्या दाबायच्या यंत्राचा पैलवान भाऊ. सोऱ्याच्या चकत्या बदलाव्यात तसे त्यातले साचे बदलायचे. सोबत लाकडाची फळी, पन्नास भोकांची. पन्नासही नळकांडी त्यात उभी करायची, सगळ्यांत पावडर घालायची, आणि वरून बॅटरी मारून बघितल्याशिवाय एकावरही गोळी बसवायची नाही.

"हे बघा," मी नवऱ्याला म्हटलं. "इडलीपात्र. एखादं घर रिकामं राहिलं तर आंधळ्यालाही दिसेल."

"अगं, एकेक करत बसलो तर वर्ष जाईल."

"तुम्हाला कुठे जायचंय?"

दुकानदाराला मराठी येत नव्हतं, तरी हसला.

दांडीचा छोटा तराजूही घेतला, सोबत तो खरा तोलतोय का ते तपासायचं वजन. आधीचा आकड्यांचा काटा घर गरम करणाऱ्या फर्नेसची हवा सुटली की नाचायचा. एक जाड पुस्तकही घेतलं. कुठल्या गोळीला किती पावडर, ते त्यात छापलेलं असतं. मी आयुष्यात मोजून मीठ घातलं नाही, पण नवऱ्याला बजावलं, इथे चिमूट चालायची नाही. पुस्तक म्हणेल ते. मोठं यंत्र परत केलं.

आता तो खाली असला की मी हाक मारत नाही. पन्नास भरून झाली की तोच मला बोलावतो. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, त्याच्यापेक्षा मला स्वच्छ दिसतं. मी बॅटरी घेऊन भोकन्‌भोक बघते. एकदा एकात पावडर कमी वाटली. त्याने तोलली, बरोबर निघाली. कुरकुरला. मी म्हटलं, कुरकुरायला तोंड शाबूत आहे ना, कुरकुरा.

मग तो वर येऊन गार चहा पितो. गरम मी अजूनही करून देत नाही.

रायफलीतली गोळी बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने काढून दिली. नळी ठीक आहे. तो गोरा म्हातारा पुढच्या हिवाळ्यात झोपेत गेला, त्याच्या घरी, स्वतःच्या बिछान्यात. आम्ही दोघं अजून आहोत.