मागच्या बाकावरचा आवाज

वरात कुठल्याही गल्लीतली असो, बँडच्या गाडीवर चढण्याआधी ती चर्चमध्ये काढायची तशा चपला काढायची. खाली पत्रा तापलेला, डोक्यावर भोंगे, आणि ही अनवाणी, हातात माईक घेऊन उभी. बँडमास्तर ओरडायचा, "आक्का, वरात हाय ही, चर्च न्हाई!"

"गळा एकच हाय," ती म्हणायची. "तिथला निराळा, इथला निराळा, दोन कुठून आणू?"

मुलांनो, तुम्ही मला फोनवर अमेरिकेतल्या काळ्या गायिकांची ब्लूजची गाणी पाठवलीत आणि लिहिलेत, 'आजी, यातल्या बऱ्याच जणी चर्चमध्ये गायला शिकल्या. मग बाहेर गायल्या म्हणून चर्चचेच लोक रुसले.' मी ती गाणी पुन्हा पुन्हा ऐकली. निम्मे शब्द कळले नाहीत, पण ओळ म्हणून थांबायची, उत्तराची वाट बघायची ती रीत ओळखीची निघाली. जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून ही बँडमध्ये गाणारी तशीच एक राहत होती.

तिचे सगळे शिक्षण चर्चमधले. लहानपणी तिथे माईक नव्हता. पेटी, तबला आणि तिच्या आईचा आवाज. आई एक ओळ म्हणायची, बाकांवरची माणसे ती परत द्यायची. लेकीने हेच वरातीत आणले. गाणे सिनेमाचे असले तरी एक ओळ गाऊन माईक लोकांपुढे धरायची. "द्या की परत! जेवले न्हाई का?" वडीगोद्रीच्या एका लग्नात घोड्यावरचा नवरदेवच सर्वांत मोठ्याने गायला लागला. त्याची आई खालून करवादली, "आरं, नवरदेव हायस तू! गप बस जरा!"

एका संध्याकाळी चर्चचे सेक्रेटरी तिच्याकडे आले. मी शाळेत शिकवून परतताना तिथेच चहा घेत होते.

"ताई, बँड सोडा. न्हाईतर गायनमंडळात उभं राहू नका. लोक नावं ठेवून राह्यले."

"वरातीत गाते तव्हा देव कानात बोळे घालतो का, साहेब?"

"विषय वाढवू नका."

"बरं. उभी न्हाई राहत. बसून तर गाता येतं ना?"

सेक्रेटरी उठले. चहा अर्धा टाकून ते निघून गेले. ती कप विसळू लागली. "माझ्या आईची जागा होती ती, टीचर," एवढेच म्हणाली.

एरवी चर्चला न जाणारी मी त्या रविवारी मुद्दाम तिथे गेले. ती शेवटच्या बाकावर बसली होती. पुढे कीबोर्डसोबत गायनमंडळ बेताबेताने गात होते. हिने मागून ओळ उचलली. आधी मागचे बाक गायले, मग मधले. कीबोर्डवाल्याला तिच्यामागे धावावे लागले.

काही महिन्यांत गंमतच झाली. लोक लवकर येऊन मागचे बाक अडवू लागले, पुढचे ओस पडले. अखेर सेक्रेटरी स्वतः तिच्या बाकापाशी आले. "या पुढं. बँड तेवढा सोडा."

"मंग मागंच बरं," ती म्हणाली. "हितं माणसं हायेत."

तिने बँडही सोडला नाही आणि रविवारही. आईच्या जागी मात्र ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. गेल्या उन्हाळ्यात, थोड्याशा आजाराने, ती गेली.

या नाताळला मी कोणी न बोलावता गेले आणि मागे बसले. गायनमंडळाने गीत संपवले, कीबोर्ड थांबला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका बाईने तेच गीत पहिल्यापासून उचलले. शेजारणीने ओळ परत दिली. मग सगळ्यांनीच. सेक्रेटरी वळले आणि हाताने 'पुरे' अशी खूण करू लागले.

मी त्यांच्याकडे बघत तोंड उघडले. सूर चुकला असेल. पण आवाज पुढच्या भिंतीपर्यंत गेला.