गिअरच्या सायकलचे अस्सल पार्ट

श्रीगोंद्यात एसटी स्टँडमागे एका मिस्त्रीचं सायकलचं दुकान आहे. कॉलेजात असताना भंडारदऱ्याच्या घाटात चालवलेली माझी गिअरची माउंटन बाइक मी त्याच्याकडे दुरुस्तीला टाकली, तेव्हा तोच म्हणाला होता, "हिचा एकबी पार्ट आता मिळत न्हाई." तरी चार-आठ दिवसांनी एखादा अस्सल पार्ट हजर. कुठून आणला विचारलं, की सुपारी या गालातून त्या गालात सरकवायची आणि म्हणायचं, "गावला."

परवा तो तिच्यासाठी आणलेला हँडल पॉलिश पेपरनं घासत होता. आपण भांड्यांवर घालतो तसं हँडलवर कुणीतरी नाव घातलेलं होतं. पहिलं नाव गेलं होतं, आडनाव अजून वाचता येत होतं.

"काय आहे हो ते?"

"गंज हाय, सर." वर न बघता तो घासत राहिला.

सायकल मात्र देखणी झाली. काल ती न्यायला गेलो. इतक्या दिवसांत या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नव्हता. काल सीटवरची धूळ फडक्यानं मायेनं टिपली आणि विचारलं, "रातच्याला हिला कुठं लावता, सर?"