डाव्या बाजूचे सात गोल

मुंबईत गिरणीच्या फुटबॉल संघातून मी सात हंगाम खेळलो. सगळे हंगाम खालच्या विभागात. डावा बचावपटू म्हणून एकंदर ब्याऐंशी सामने, गोल दोन, आणि त्यांतला एक आमच्याच जाळ्यात. शेवटच्या सामन्यात चिखलात पाय रुतला, शरीर वळले आणि गुडघा जागीच राहिला. गिरणीला चेंडू खेळणारा माणूस हवा होता, लंगडणारा नको होता. मी मालवणकडे गावी परतलो आणि सोसायटीत कारकून झालो.

गावात तेव्हा नवा संघ उभा राहत होता. भात कापले की मळ्यातले सड उपटायचे, दोन्ही टोकांना पोफळीचे खांब रोवायचे आणि उन्हाळा संपेपर्यंत खेळायचे. मुंबईत खेळून आलेला मी एकटाच, म्हणून मला मॅनेजर केले. गुडघा बरा झाला की खेळायचेही, असे त्याच बैठकीत ठरले. गुडघा बरा होणार की नाही हे ठरवायला मात्र सगळे देवळात गेले.

आमच्याकडे अडल्या गोष्टीला देवाचा कौल घेतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या वेळी उजवीकडची पडली. चार महिन्यांनी मी काठी टाकली आणि डाव्या बाजूला खेळायला उभा राहिलो.

सरळ धावताना काही वाटत नसे. डावीकडे वळायचे झाले की गुडघा अडकायचा. समोरचा खेळाडू तेवढ्यात निघून जायचा. तीन सामन्यांत आम्ही नऊ गोल खाल्ले. मी वहीत मांडून पाहिले, तर सात माझ्या बाजूने झालेले. दुसरा कोणी असता तर मॅनेजर म्हणून मी त्याला पहिल्या सामन्यानंतरच बसवले असते. पण मीच बाहेर बसलो तर देवाने दिलेला होकार खोटा ठरत होता. गुरवकाकांनी चाळीस वर्षे कौल लावले होते. त्यांचा शब्द माझ्या गुडघ्याने खाली पाडावा, हे मला जमेना. घरी आलो की बायको निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची. ती विचारायची, "दुखता?" मी म्हणायचो, "नाय."

चौथा सामना शिरोड्याच्या संघाशी होता. आदल्या सकाळी मी वही घेऊन देवळात गेलो. गुरवकाका पायरीवर बसून फुले निवडत होते. मी आकडे वाचून दाखवले.

"गाव काय आंधळो आसा?" ते मान वर न करता म्हणाले. "सगळ्यांका दिसता. पण बोलात कोण?"

"काका, पण कौल..."

"मी देवाक काय विचारलंय, ता याद आसा तुका?"

"गुडघो बरो होतलो काय, असा."

"शिरा पडो तुझ्या तोंडार! इतके आकडे लिवतंस आणि ह्या लिवूक नाय? मी विचारलंय, हो माणूस आपल्या पायांनी चलूक लागतलो काय. चलतंस मां?"

"चलतंय."

"मग देवाचा काम झाला. चेंडवाचा देवाक कोणी विचारलेला?"

मला एकदम हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. काका फुले निवडतच राहिले. "लोकांका मी सांगतंय," ते म्हणाले. "तू तुझ्या जाग्यार माणूस बघ."

माणूस मी आधीच पाहून ठेवला होता. किनाऱ्यावर मासे धरायच्या रापणीचा दोर ओढणारा, माझ्याहून सात वर्षांनी लहान गडी. बूट घालायला तयार नव्हता, पण दोन्हीकडे सारखाच वळायचा.

सामन्याच्या सकाळी देवळासमोर सगळ्यांनी मिळून देवाला गाऱ्हाणे घातले. गुरवकाकांनी नारळ हातात धरून आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, हेका तू चलतो केलंस. आता बांधार बसान खेळ सांभाळूची अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. त्यात सर्वांत मोठा आवाज आमच्या गोलरक्षकाचा होता. नऊही वेळा जाळ्यातून चेंडू काढायला वाकला होता तो.

मी बांधावर बसलो. पहिली दहा मिनिटे माझे पाय आपोआप हलत होते, मग थांबले. मैदान मला पहिल्यांदाच सगळे दिसले. आमचा उजवीकडचा गडी फार पुढे जातो, हे मी इतके दिवस पाहिलेच नव्हते, कारण माझे लक्ष माझ्या गुडघ्यावर होते. मध्यंतरापूर्वीच त्या बाजूने दोन गोल झाले. मध्यंतराला मी त्याला मागे खेचले. नंतर आम्ही एक गोल फेडला. डावीकडून एकही झाला नाही.

घरी पोचलो तेव्हा पाला चुलीजवळ तयार होता. मी नको म्हटले.

"जिंकलांत?" बायकोने विचारले.

"नाय. दोनाक एक हरलव."

"मग हसूक काय झाला?"

मी ओट्यावर बसून बूट काढले. सवयीने घातले होते. लेस सोडायला वाकलो तर गुडघा दुखला नाही. मग तिला पहिल्यापासून सगळे सांगितले, रोज मारत आलेल्या 'नाय'च्या थापेसकट.