साडेसहा मैलांचं पिठलं

मोटारीच्या पाण्यात चाळीस तोळे बेसन घातलं, तर ते साडेसहा मैलांत शिजतं. हे कुठं वाचलेलं नाही. स्वतः करून पाहिलेलं आहे.

निजामी अमलातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी शारदा औरंगाबादला दिलेली. घरात मी एकटा. भाकरी सालगडी सखारामची बायको करून द्यायची, वरण मी करायचो, आणि जेवताना बोलायला कोणी नसल्यामुळं घास मोजायचो. (सरासरी बत्तीस.)

त्या पौषात व्याह्यांचं पत्र आलं. चार महिन्यांचं बाळ घेऊन शारदा आठ दिवस माहेरी येणार. आमच्या घरात बाईमाणूस नाही म्हणून बाळंतपणही सासरीच झालेलं. नातू मी अजून पाहिला नव्हता. पण एक अट होती. बाळाला खोकला होता, आणि सेलू स्टेशनापासून आमचं गाव अकरा मैल. वाटेत बाळाला गारठा लागला, तर व्याही दोघांना त्याच पावली परत नेणार होते. ते स्वतः सोबत येणार होते, म्हणजे अट पोकळ नव्हती.

माझ्याकडे एक जुनी मोटार होती. कापडी छप्पर, बाजूला पडदे, तरी आत गारच. मी सेलूच्या मिस्त्रीकडून मागच्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी, पत्र्याचा एक बंद डबा बसवून घेतला. इंजिन थंड ठेवताना जे पाणी तापतं, ते एका नळीनं या डब्यात यायचं, पायांना ऊब द्यायचं आणि दुसऱ्या नळीनं पुढच्या टाकीत परत जाऊन निवायचं. मला हे फार पटलं. फुकट जाणारी गोष्ट मला बघवत नाही.

मग देवगाव फाट्याच्या रस्त्यावर मी तपासण्या घेतल्या. एकूण चार. पाणी मावतं नऊ तांबे. डब्यावर हात टिकतो अकरा म्हणेपर्यंत. इंजिन बंद केल्यावर डबा निवतो वीस मिनिटांत. मागं शारदाच्या वजनाचं ज्वारीचं पोतं ठेवलं होतं आणि त्याच्यावर बाळाच्या वजनाचा भोपळा, टोपरं घालून.

"मालक, भोपळा लय शांत हाय," सखाराम म्हणाला. "पोरगं बी असंच असलं म्हंजी बरं."

त्या संध्याकाळी भोपळ्याला गारठ्यात मोटारीत ठेवून येणं मला जड गेलं. घरात आणला.

चौथ्या तपासणीत टाकी गळायला लागली. मिनिटाला एकोणीस थेंब. मिस्त्री म्हणाला, "मुठ्ठीभर हलदी डालो, साब. छेद बंद." हळदीचा डबा फळीवर डावीकडून तिसरा. हे बायकोनं शेवटच्या आजारात सांगितलेलं, आणि मी लिहून ठेवलेलं. माझी मूठ अडीच तोळ्यांची. पण प्रश्न नातवाचा, म्हणून चाळीस तोळ्यांची पुडी बांधून घेतली.

सेलू स्टेशनाबाहेर, गाडी यायच्या आधी, मी पुडी टाकीत रिकामी केली. दहा मिनिटांत थेंब शून्य. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

शारदा उतरली. बाळ दुपट्यात होतं, फक्त नाक दिसलं. व्याह्यांनी मोटारीत बसून डब्यावर पाय ठेवले आणि म्हणाले, "हं." मी चालवायला बसलो, सखाराम शेजारी.

चौथ्या मैलाला सखाराम माझ्या कानाशी आला. "मालक, पिठल्याचा वास यायलाय."

"कोणाच्या तरी शेतात स्वयंपाक चालला असेल."

पाचव्या मैलाला तो म्हणाला, "मालक, ते शेत बी आपल्या संगंच यायलाय."

साडेसहाव्या मैलाला इंजिन गदगदलं आणि थांबलं. मी उतरून टाकीचं झाकण सैल केलं. पुढचं सगळं माझ्या कोटावर आलं. पिवळं, दाट, गुठळ्यांसकट. व्याह्यांनी पत्र्यावर पडलेलं बोटानं उचललं, हुंगलं, जिभेला लावलं.

"मीठ नाही," ते म्हणाले.

आता परतीची गाडी, असं मी मनात धरून चाललो. सखाराम जवळच्या शेतातून बैलजोडी घेऊन आला, मोटार जुंपली, आणि उरलेले साडेचार मैल आम्ही बैलांच्या चालीनं काढले. दोन तास. पाणी वीस मिनिटांत निवलं असतं. पण डब्यातलं पिठलं घरी पोचेपर्यंत ऊन होतं. बाळ एकदाही खोकलं नाही. व्याह्यांनी एकदाही पाय उचलले नाहीत.

घरी आल्याआल्या शारदा स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा डबा घेऊनच बाहेर आली.

"अण्णा, हळद म्हणून हे घातलंत?"

"डावीकडून तिसरा."

"कोणी तरी फळी पुसताना उलटे लावलेत. हे बेसन आहे. म्हणजे वरणात दोन वर्षं..."

"वरण दाट व्हायचं. मला वाटलं, हात बसला."

"आणि पिठलं कधी केलंत?"

"एकदाच. कडू झालं. ते आपल्याला जमत नाही म्हणून सोडून दिलं."

शारदा हसायला लागली, आणि मग हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. व्याही दारातून फळीकडे बघत होते. "सूनबाई," ते म्हणाले, "हे आठ दिवसांत व्हायचं नाही. यांना डबे ओळखू आले, की पत्र टाक. मग न्यायला येतो."

डबे सात. शारदानं पहिल्याच संध्याकाळी सातही डब्यांवर खडूनं नावं लिहिली. सकाळी ती पुसलेली होती. तिनं पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली गेली. असं अकरा वेळा झालं. उंदीर फार झालेत, असं मी तिला गंभीरपणे सांगत होतो, आणि पुसायचं फडकं माझ्या कोटाच्या खिशात आहे हे कोणालाही ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती.

बाराव्या दिवशी ते फडकं धुऊन, घडी घालून, त्याच खिशात ठेवलेलं होतं.